फोटोसाठीचा थांबा

कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात आमच्या समोर राहणारे एक गृहस्थ जवळच्याच एका छोट्या रेल्वेवर तिकीट कारकून होते. ती गाडी बंद पडेपर्यंत त्यांची खिडकी कधी वेळेवर उघडली नाही. आम्ही बाहेर रांगेत, आणि ते आत डबा खात. आता तीच गाडी वारसा म्हणून पर्यटकांसाठी पुन्हा धावते आणि तिचा इतिहास प्रवाशांना हेच गृहस्थ सांगतात. नोकरीत कधी न घातलेला कोट पितळी बटणांसकट अंगावर चढला आहे. हल्ली ते घरीसुद्धा "नऊ बावीसला फिल्टर काप्पी पाहिजे" असं फर्मावतात.

परवा पाहुण्यांना घेऊन मी त्या गाडीत बसलो. "या गाडीवर लोक घड्याळं लावत," ते सांगत होते, माझी नजर चुकवून. दाराशी एक फुलवाली अम्मा रिकामी टोपली घेऊन बसली होती. तिच्या गावाशी गाडी थांबली, तशी ती उठली.

"इथे उतरायचं नाही, अम्मा," ते म्हणाले. " हा थांबा फोटोसाठी आहे. गाडी परत कुंभकोणमलाच जाते."

"माझं घर ते समोर आहे," अम्मा म्हणाली. फलाट नसलेल्या बाजूने तिने आधी टोपली खाली टाकली, मग स्वतः उतरली आणि शेताच्या बांधावरून चालू लागली.

त्यांनी कोट नीट केला. मग पर्यटकांना म्हणाले, "बघा, पूर्वी लोक असेच उतरत."

सगळ्यांनी अम्माचे फोटो काढले. अख्ख्या प्रवासात त्यांनी खरा इतिहास सांगितला तो एवढाच.