बांधाखाली वस्ती: मागीलप्रमाणे

लोक त्यांना बादलीनाना म्हणत, आणि त्यात चेष्टा कमी, कौतुक जास्त होतं. तलावाच्या मातीच्या बांधावर ते अठ्ठावीस वर्षं राखणदार होते. तलाव काही मोठा नव्हे. सुट्टीच्या दिवशी लोक यायचे, होड्या फिरवायचे, गळ टाकून बसायचे आणि कागदी कप टाकून जायचे. नाना ते कप उचलायचे आणि उचलताना टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पण खरं काम सकाळी सातचं. बांधाच्या पायथ्याशी एका पाइपातून पाझराचं पाणी येई. त्याखाली बादली धरायची, मनगटावरच्या घड्याळात बघायचं आणि किती सेकंदांत भरली ते वहीत टिपायचं. सत्तर, अडुसष्ट, एकाहत्तर. मातीचा बांध थोडा पाझरणारच, पाणी नितळ असलं म्हणजे झालं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत, कुणी विचारलेलं नसलं तरी.

वर्षातून एकदा फॉर्म भरावा लागे. त्यावरून बांधाला दोन शेरे मिळत. एक अवस्थेचा, म्हणजे बांधाची तब्येत. दुसरा धोक्याचा, आणि तो बहुतेकांना कळतच नाही. बांध किती मजबूत आहे हे तो सांगत नाही. फुटलाच तर खाली किती माणसं मरतील ते सांगतो. नानांच्या बांधाची अवस्था 'बरी' आणि धोका 'कमी' होता, कारण ते नोकरीला लागले तेव्हा खाली नुसतं कुरण होतं. पहिल्या वर्षी 'बांधाखाली वस्ती' या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं. दुसऱ्या वर्षी 'मागीलप्रमाणे'. तिसऱ्या वर्षीही तेच. ज्याने कधी सरकारी फॉर्म भरलाय त्याने नानांना हसू नये. आपण सगळेच तसे भरतो.

पुढे कुरणाचे प्लॉट पडले. अकरा घरं झाली. त्यातलं पाचवं नानांच्या लेकीचं. प्लॉट त्यांनीच पसंत केला होता, म्हातारपणी जवळ असावी म्हणून. जावयाबरोबर खिडक्यांची मापं घ्यायलाही तेच गेले, आणि त्याच आठवड्यात वर चौकीत बसून त्यांनी 'मागीलप्रमाणे' लिहिलं. नंतरची सात वर्षं लेकीकडे चहा पिऊन यायचे आणि तेच लिहायचे. खोटं लिहायचं म्हणून नव्हे. हाताला वळण पडलं होतं.

एका सकाळी बादली एकोणपन्नास सेकंदांत भरली. घड्याळ बिघडलं असेल म्हणून नानांनी पुन्हा धरली. अठ्ठेचाळीस. पाणी गढूळ होतं. बादली तासभर तशीच ठेवली, तर तळाला बोटभर गाळ बसला. बांध आतून वाहून चालला होता. नाना धावत तलावाचं पाणी सोडायच्या झडपेकडे गेले, चाकात पहार घालून सगळ्या अंगाचा भार टाकला. चाक तसूभर हललं नाही. फॉर्मात झडपेपुढेही 'मागीलप्रमाणे चालू' होतं.

बादली घेऊनच ते ऑफिसात गेले. इंजिनियर बाई लेकीच्याच वयाच्या, माणूस म्हणून चांगल्या. त्यांनी गाळ बोटांत चोळून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी संगणकात पाहिलं.

"नाना, तुमचा बांध कमी धोक्याचा आहे. त्याची तपासणी पाच वर्षांतून एकदा. अजून तीन वर्षं आहेत."

"तीन वर्षं थांबतोय होय तो!"

"माझ्याकडे माणसं दोन आणि जास्त धोक्याचे बांध एकोणचाळीस. आधी ते, असा हुकूमच आहे. खाली वस्ती असती तर आजच्या आज पंप लावून तलाव उपसला असता मी."

"आहे ना वस्ती! अकरा घरं आहेत. माझी लेक आहे, नात आहे."

बाईंनी फॉर्म उघडून संगणक त्यांच्याकडे वळवला. खाली नानांचीच सही होती.

आता रागवायचं कुणावर? शेरा बदलायचा तर आधी पाहणी, मग समिती, आणि समिती बसणार वर्षातून दोनदा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण इथे नियमच होता. नानांनी दातांच्या कण्या केल्या. बाईंनी तातडीचं पत्र वर धाडलं, फोन केले, बोलणीही खाल्ली. आठव्या दिवशी उत्तर आलं: शेरा बदलेपर्यंत राखणदाराने लक्ष ठेवावे. तोवर बादली एक्केचाळीसवर आली होती.

नाना दहा घरांत सांगत फिरले. लोकांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि बांधाच्या फाटकावरची हिरवी पाटी दाखवली. धोका: कमी. लेकीचं घर त्यांनी शेवटी ठेवलं, कारण तिथे सगळं खरं सांगावं लागणार होतं.

लेक इस्त्री करत होती. "थोडे दिवस दुसरीकडे जा गं," नाना म्हणाले.

"कुठे जाऊ बाबा? यांची ड्युटी, हिची शाळा. आणि थोडे म्हणजे किती?"

"खाली वस्ती नाही, असं मीच लिहीत आलो," ते म्हणाले. "दरवर्षी. न बघता."

तिने इस्त्री उभी ठेवली. "असू द्या हो. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत!"

इतक्या चटकन तिने माफ केलं की नानांना रडू फुटलं. ती भांडली असती, रागारागाने पोरीला घेऊन निघून गेली असती, तर त्यांनी देवाचे आभार मानले असते. शेवटी नातीची गादी त्यांनी स्वतः उचलून वरच्या खोलीत नेऊन टाकली. निदान ती तरी वर झोपेल.

दुसऱ्या दिवशी बादली भरायच्या आधीच त्यांनी फोन लावला. "पोर वर झोपली ना?"

"नाही हो बाबा, वर फार उकडतं. रडायला लागली, म्हणून खाली आणली. तुम्ही नका काळजी करू. तुम्ही आहात ना बांधावर, लक्ष ठेवायला. म्हणून तर आम्हाला निवांत झोप लागते."

"आहे," नाना म्हणाले, आणि पाइपाखाली बादली धरली.