जयपूरचं यंत्र आणि गौरीची सुट्टी

लागोपाठ दोन वर्षं घरी गौरी जेवल्या तेव्हा आमची मुलगी सायली जयपुरात फोन-इंटरनेटच्या तारा बदलत होती. या वर्षी म्हणाली, "नवं यंत्र बसतंय. ते चाललं तरच येता येईल." मग श्रावणात मीच साताऱ्याहून निघाले. पुण्याहून रेल्वे, स्लीपरचं तिकीट. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती, त्यामुळे वाटेत फक्त चहा विकत घेतला.

सायली आदर्श नगरात भाड्याने राहते. सकाळी गोविंददेवजींचं दर्शन घेतलं. पडदा ठरावीक वेळीच उघडतो, वेळ विचारून जावं. तिथून विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, सायलीच्या कामाच्या जागी, सिटी बसने गेलो. रिक्षावाला फारच मागत होता.

काचेच्या एकाच तारेतून वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश निरोप नेतात. एखाद्या रंगाची वाट बदलायची तर आजवर सायलीला इथे येऊन हाताने तारा काढून लावाव्या लागत. आता नव्या यंत्रामुळे ते दूर, झालाना भागातल्या मुख्य ऑफिसात बसून जमणार होतं.

तिचे सहकारी माथुरजी म्हणाले, "माताजी, नारियल आप ही फोड़िए." दाराबाहेर फोडला, सगळ्यांना खोबरं दिलं.

आत मी विचारलं, "रंग कुठे दिसतात?"

"दिसत नाहीत, आई. आणि तारेत डोकावलीस तर डोळा जाईल."

संगणकाच्या पडद्यावर नुसत्या रेघा होत्या. झालान्याहून फोन आला, रंग वळवले म्हणून. सगळ्या रेघा हिरव्या झाल्या, एक लालच राहिली. सायलीचा चेहरा उतरला. शेवटची तार कुणी लावली, तिने विचारलं. माथुरजींनी स्वतःची बोटं पाहिली. खोबऱ्याचं तेल तारेच्या टोकाला लागलं होतं.

"मतलब, प्रसाद ने रास्ता रोका?"

"प्रसाद ने नहीं, आपने," सायली म्हणाली. तिने खास फडक्याने टोक पुसलं, तार परत लावली. रेघ हिरवी झाली. ती खुर्चीत बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "रजेचा अर्ज टाकते."

भाद्रपदात आली. गौरीपुढे नैवेद्य मांडला आणि तिचा फोन वाजला. तिकडे खोदकामात तार तुटली होती. ती पडवीत लॅपटॉप उघडून बसली आणि तिथूनच रंग दुसऱ्या वाटेने वळवू लागली.

जाऊबाई म्हणाल्या, "हिची सुट्टी म्हणायची का ही?"

"घरात आहे ना," मी म्हटलं. निरांजनात थोडं तूप घातलं आणि आरती तिच्यासाठी थांबवली.