वीटभट्टीच्या कोळशातली पानं

लातूरहून नांदेडच्या एसटीत चढले तेव्हा माझ्या पिशवीत हातोडी, छिन्नी आणि जुनी वर्तमानपत्रं होती. कंडक्टरनं हातोडीकडे पाहून विचारलं, "बाई, कुठं भांडण हाय का?" मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, भांडणं तिथंच भरपूर होतात, असं सांगून तिकीट घेतलं.

आपला मराठवाडा काळ्या खडकाचा. ज्या प्राचीन जंगलांचा पुढे कोळसा झाला, त्यांची पानं आपल्या जमिनीत सापडत नाहीत. ती ट्रकनं येतात. तेलंगणातल्या खाणींतला बोग्गू (कोळसा) बिलोली-धर्माबादकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतो, आणि त्यात करड्या पाटीसारखे दगड निघतात. ते जळत नाहीत म्हणून भट्टीवाले वेचून फेकतात. त्यांच्यावर कधीकधी पानांच्या शिरा, झाडाची साल जशीच्या तशी उमटलेली असते. कॉलेजच्या कपाटासाठी मला तेच दगड हवे होते. खाणीत मला कोण उतरू देणार? म्हणून हा आयत्या बिळावर नागोबा होण्याचा उद्योग.

बिलोलीजवळच्या पहिल्या भट्टीवर मुकादमानं दगडांचा सगळा ढीग रस्त्याच्या खड्ड्यांत भरून टाकला होता. दुसरीवर चहा मिळाला, दगड नाहीत. आसपास झाड नावाला नव्हतं. दुपारपर्यंत तोंडात राखेची चव बसली आणि मी स्वतःवरच चिडले.

धर्माबादच्या अलीकडच्या भट्टीवर गंगाबाई भेटली. चाळिशीची असेल. कोळशाच्या ढिगावर बसून एकेक ढेकूळ उलटंपालटं करून बघायची, मगच फोडायची. खोकली की पदरावर काळं उमटायचं. तिनं मला भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा दिला, मी काय शोधते ते ऐकून घेतलं आणि खोपीतून एक पोतं ओढत आणलं. एका दगडावर जिभेच्या आकाराचं पान होतं. दुसऱ्यावर सालीचा असा ठसा, की बोटाला खरखर लागावी. मी हरखून गेले.

"हे सगळे नेऊ?"

"न्या. पर आधी सांगा, ह्ये दगड कोन्त्या खाणीतले हायेत, तुमाला कळतंय का?"

मला काही उमगेना. बाजूला तिचा दीर माधव भट्टीत कोळसा टाकत होता. त्यानं सांगितलं, "माझा भाऊ तिकडच्या एका खाणीत कामाला व्हता. छत बसलं, मागनं आग लागली. तेवढा भाग भिंत घालून बंद केला. मानसं आतच ऱ्हायली." मेलेल्याचं शरीर हाती लागलं नाही, की पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. "वहिनी त्येबी करू देईना. धुळीतून ऊठ, विटा रच म्हनलं तर न्हाई म्हनती."

"त्याच खाणीचा ट्रक आला तर?" गंगाबाई म्हणाली. "बटन, चप्पल, हाड, कायबी निघंल. दुसऱ्याच्या हातनं भट्टीत जायला नगं."

खोटं बोलणं सोपं होतं. पण तसलं पान गोदावरीच्या खोऱ्यातल्या कुठल्याही खाणीत सापडतं. मी म्हटलं, "दगडावरून खाण सांगता येत नाही."

"बरं. भिंतीमागचं कधी वर येतंय का?"

आग लागून बंद केलेल्या भागात पुन्हा कुणी खणत नाही, हे मला ठाऊक होतं.

"नाही येत, गंगाबाई."

ती हातोडीच्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिली. "पानाचा दगड तुम्हाला राहू दे," मी म्हटलं.

"कशाला? त्यो जळत न्हाई. जळंल असं पायजे आता. भावजी, पळस कुठं हाय?"

उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिघं बांधावरच्या पळसाची पानं तोडत होतो. "उद्या थांबा बाई," असं माधव म्हणाला, म्हणून मी धर्माबादच्या लॉजवर राहिले.

सकाळी गोदावरीच्या काठी पानं मांडली. डोकं, छाती, हात. गंगाबाई लांब उभी होती. मांडून झाल्यावर ती तिथूनच म्हणाली, "त्ये उंच व्हते. पाय कमी पडायलेत." माधवनं आणखी पानं लावली. हिरवी पानं आधी नुसती धुमसली, मग एकदम भडकली. चहाला आधण यायच्या आत सगळं संपलं.

पोतं न्यायला मी भट्टीवर परतले. सुतक होतं, पण भट्टीला सुतक नसतं. माधवनं पोतं रिक्षात ठेवलं आणि हात जोडले. "खरं सांगितलंत, लई उपकार झाले."

लातूरला ते दगड आता कपाटात आहेत. मुलं वाकून बघतात आणि मी शिकवते. खरं बोलल्याचं समाधान मिळतं म्हणतात. मला ते मिळालेलं नाही, कारण रिक्षा निघताना मी मागे वळून पाहिलं होतं. नवा ट्रक रिकामा झाला होता आणि गंगाबाई ढिगावर बसून ढेकळामागून ढेकूळ फोडत होती. एकही उलटून बघत नव्हती.