रुमालाबाहेरचा हात

दवाखान्यात चादरीखाली अण्णाचा उजवा हात हालत होता, तो काय सांगत होता? वाचा गेली होती त्याची. मी डॉक्टरला विचारलं, वहिनीला विचारलं.

आता अण्णाच्या मागं घरी जो बसायला येतो, तो माझ्या या भावाच्या हाताचा एक किस्सा ठेवून जातो. चहा संपतो, किस्से संपत नाहीत. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. आठवतील तसे लिहितो.

*

अण्णा निलंग्याला धान्याच्या आडतीवर होता. तिथं तेव्हा भाव तोंडानं सांगत नसत. हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली समोरच्याची बोटं दाबायची, म्हणजे बघणाऱ्याला काही कळत नाही. अण्णाचं निम्मं आयुष्य त्या रुमालाखाली गेलं.

मग दुष्काळ पडला. गावाला टँकर मिळावा म्हणून बोलायला लोकांनी अण्णाला उभं केलं. पहिल्याच सभेत त्यानं सवयीनं उजव्या हातावर रुमाल टाकला आणि सुरू झाला. खाली बोटं नुसती नाचत होती.

मागून महादूमामा म्हणाले, "अण्णा, रुमाल काढ. आमाला पाणी पायजे, तूर न्हाई इकायची."

*

रुमाल निघाला आणि हात सुटलाच. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत रंगाचा वास येत होता. साहेबांनी विचारलं, "विहिरीचं पाणी किती खाली गेलंय?"

अण्णा हातानं दाखवू लागला. हात टेबलाखाली गेला. मग अण्णाच टेबलाखाली गेला. साहेब खुर्चीवरून उठून वाकून बघायला लागले.

खालून आवाज आला, "साहेब, अजून लागलं न्हाई."

*

गावच्या हेडमास्तरांना हे हातवारे पटले नाहीत. "हात मागं बांधून बोलावं. वजन येतं," ते म्हणाले.

पुढच्या सभेत अण्णानं हात मागं घट्ट धरले. "बंधूंनो," म्हणाला आणि थांबला. घाम पुसायचीही सोय नव्हती. पुन्हा "बंधूंनो". बायकांच्यातून वहिनी म्हणाली, "आवो, कुणीतरी सोडा की त्यांचे हात."

मीच मागून गेलो आणि बोटं सोडवली. मग तासभर थांबला नाही.

*

टँकर आला. घागरी घेऊन लोक एकमेकांच्या अंगावर जायला लागले, तेव्हा अण्णा टँकरवर चढून दोन्ही हातांनी रांग लावू लागला. तेवढ्यात रस्त्यानं एसटी आली आणि ते हात बघून थांबली. कंडक्टर उतरला.

"कोण चढायलंय?"

"कुणीच न्हाई," अण्णा म्हणाला. "पर थांबलाच हायसा, तर पानी पिऊन जावा."

अख्खी गाडी पाणी पिऊन गेली.

*

एक टँकर पुरेना. दुसऱ्याचा अर्ज घेऊन अण्णा लातूरला गेला आणि कचेरीच्या पायरीवरच पडला. तिथून दवाखाना, आणि तिथून घरी आला तो अण्णाचा देह.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. स्वामींनी सगळं नीट केलं आणि अण्णाला शाल पांघरली. दोन्ही हात झाकले गेले. खड्ड्याभोवती वर सगळं गाव उभं होतं. महादूमामा होते, हेडमास्तर होते, टँकरचा ड्रायव्हरही आला होता.

मी खड्ड्यात उतरलो.

"बाळा, आता हात लावू नको," स्वामी म्हणाले.

मी अण्णाच्या उजव्या हातावरची शाल बाजूला केली.