कात्री न लावलेला फोटो

“याले कापी टाक, सलीमभाई.” रनाळ्याच्या दगाआप्पांनी फोटोतल्या उजवीकडच्या माणसावर बोट ठेवलं.

नंदुरबारला आमचं फ्रेमचं दुकान आहे, अब्बांपासूनचं. देव, पूर्वज आणि पुढारी या तिघांवर ते चालतं. पहिले दोन सहसा बदलत नाहीत.

आप्पांच्या फोटोत दोन पुढारी एकमेकांचा हात धरून, तो उंचावून उभे होते. डावीकडे दादासाहेब, उजवीकडे भाऊसाहेब. युती झाली त्या दिवसाचा फोटो. फोटोवरच, दोघांच्या पांढऱ्या झब्ब्यांवर पेनाने एकेक सही, दोन्ही न वाचता येणाऱ्या. पुढे युती तुटली. आप्पा दादासाहेबांकडे राहिले. नाव दगा, पण माणूस इमानी.

“रविवारले दादासाहेब मन्हा घर चहाले ई ऱ्हायनात,” आप्पा म्हणाले. “भाऊसाहेब भीतवर दिखना ते मन्हं तिकीट गयं.”

जिल्हा परिषदेच्या तिकिटाने त्यांना दोनदा हुलकावणी दिली होती. यंदा हुकलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, असं ते स्वतःच म्हणाले.

मी फोटो कापत नाही. कापलेला परत जुळत नाही. आमच्याकडे माउंट असतो. माउंट म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये बसवायचा जाड पुठ्ठा. त्यात तिरक्या ब्लेडने खिडकी कापायची. खिडकीतून दिसेल तेवढाच फोटो. बाकीचा मागे सुखरूप.

“कोणती सही कोणाची?” मी विचारलं.

“ज्यानी छाती, त्यानी सही!”

मला पटलं. इथे मी चुकलो.

खिडकी फक्त दादासाहेबांपुरती कापली. उंचावलेला हात वर पुठ्ठ्यात गेला, त्यामुळे ते एकटेच घोषणा देत असल्यासारखे दिसू लागले. आप्पा खूश.

रविवारी फ्रेम लावायला मी रनाळ्याला गेलो. भिंत पक्की, खिळे वाकले, उशीर झाला. फ्रेम टांगली तोच दादासाहेब आत आले. फ्रेमसमोर थांबले. चष्मा लावला.

“आप्पा, हाई सही मन्ही नही शे.”

त्यांनी काचेवर सहीपाशी बोट टेकवलं.

“त्या दिनले आम्ही एकमेकना छातीवर सह्या करेल व्हत्यात. युती पक्की शे, हाई दखाडाले. मन्ही कोठे गयी?”

म्हणजे आप्पांनी भाऊसाहेबांना लपवून त्यांची सही दिवाणखान्यात टांगली होती, तीही दादासाहेबांच्या छातीवर. आप्पा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. ते माझ्याकडे बघत होते. मला त्यांची मनापासून कीव आली. स्वतःची जास्त आली.

“साहेब, आत आहे,” मी म्हणालो. फ्रेम उतरवली, मागची पट्टी काढली, माउंट बाजूला केला. भाऊसाहेब हसत बाहेर आले. त्यांच्या झब्ब्यावर दादासाहेबांची सही आणि खाली त्यांच्याच अक्षरात बारीक दोन शब्द: ‘कायम सोबत’.

दादासाहेबांनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं, दोन शब्दांच्या मानाने.

“याले कापं नही तू?” त्यांनी आप्पांना विचारलं.

“कसा कापसू, साहेब?” आप्पा म्हणाले. “तुमनी सही शे ना त्यावर.”

मी स्क्रू ड्रायव्हरकडे बघत राहिलो.

“माणूस जपस हाऊ,” दादासाहेब सोबतच्यांना म्हणाले आणि चहा प्यायले. मग मला म्हणाले, “झाकी टाक. दोन्ही सह्या.”

मी नवा माउंट केला. फक्त चेहरा. दोन सह्यांच्या त्या फोटोत आता एकही सही दिसत नव्हती. आप्पांना तिकीट मिळालं, ते निवडूनही आले.

तेव्हापासून छाती बघून सही कुणाची ते मी ठरवत नाही. गिऱ्हाईक ‘काप’ म्हणालं की मात्र अजूनही माउंटच दाखवतो.

मागच्या महिन्यात पुन्हा युती झाली. आप्पा तोच फोटो घेऊन आले. “पूरा उघडा कर, सलीमभाई!” मी मोठी खिडकी कापली. चेहऱ्यापुरता माउंट मात्र टाकून दिला नाही. मागे आप्पांचं नाव लिहून फळीवर ठेवलाय.