पुरे म्हणेपर्यंत

धायरीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये गणिताच्या एक निवृत्त बाई राहतात. सोसायटीतली चिमुरडी त्यांच्याकडे कॉम्प्युटरसारखा विचार करायला शिकतात, पण घरात कॉम्प्युटर नाही. पाहुण्याचा मोबाइलसुद्धा दाराशी चपलांजवळ ठेवावा लागतो. "आधी नेमकं सांगता येऊ दे," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी सॉफ्टवेअरमधला, म्हणून त्यांना चार गोष्टी सुचवायला गेलो. त्यांनी मला टेबलाशी बसवलं. त्यांची छोटी नात तांब्या घेऊन यंत्र झाली होती.

"'पुरे' म्हणेपर्यंत ती ताक ओतेल. दुसरा शब्द तिला कळत नाही."

मी मान डोलावली. मला कोण शिकवणार!

पेला अर्धा झाला. मी रीतीप्रमाणे म्हणालो, "नको, नको."

ताक येतच राहिलं.

"राहू दे गं, बाळा!"

पेला भरला.

"अगं, कशाला एवढं!"

ताक पँटवर आलं. शेवटी बाईच म्हणाल्या, "पुरे." नात जागच्या जागी थांबली.

"यंत्र ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि माझ्यापुढे फडकं ठेवलं. "आणखी घेणार का आपण?"

"छे, छे, नको!" मी घाईनं म्हणालो.

नातीनं तांब्या उचलला.