चौऱ्याऐंशी कूपनं

१२ मार्च १९७२, रविवार. रक्कम दरमहा शंभर रुपये पेन्शन. हजर वडील, आई, मामा आणि मी. शालनवहिनी माजघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिला कोणी हजर धरले नव्हते.

डिसेंबरच्या लढाईत माझा थोरला भाऊ गेला. वहिनी बावीस वर्षांची, मी चोवीसचा. तिने बाहेर लग्न केले तर पेन्शन बंद, दिराशी केले तर चालू, असा नियम मामा सांगत होते. ते निवृत्त हवालदार. "पोरगीबी घरात, पैसाबी घरात." मी वर्षाचा आकडा काढून मोठ्याने वाचला. वहिनी मला आवडत होती. ते सांगण्यापेक्षा आकडा सांगणे सोपे गेले.

"मी म्हस हाय व्हय मामा, ह्या खुट्याची सोडून त्या खुट्याला बांधायला?" वहिनी म्हणाली. "सातवी पास हाय मी. सांगलीला नर्सबाईच्या शिक्षणाला अर्ज केलाय. लगीन कुणासंगंच न्हाई. निम्मं पैसं दर म्हैन्याला आईंच्या नावानं धाडीन."

"लोकं काय म्हनतील?" आई म्हणाली.

"म्हनू द्या. त्यास्नीबी काम पायजे की."

जूनमध्ये मी तिची ट्रंक घेऊन सातारा स्टँडवर गेलो. तिकीट तिने स्वतः काढले. खिडकीतून म्हणाली, "भावजी, खरं सांगा. पेन्शन नसती तर तुमी मला इचारलं असतं का?"

मी टपावर बांधलेल्या ट्रंकेची दोरी खालून बघत राहिलो. गाडी सुटली.

जुलैपासून दर पाच तारखेला पन्नास रुपयांची मनीऑर्डर निघे. फॉर्मच्या कूपनावर निरोपासाठी असलेल्या चार बोटं जागेत ती थोडके लिही, मी आईला वाचून दाखवी. "पांढरी साडी हितं कामाची हाय, दुखाची न्हाई." "आज एकटीनं बाळंतपण केलं. पोरगी. बाप रुसला, मी पेढा मागून घेतला." पुढे आष्ट्याजवळच्या एका दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा, "खोलीत मी एकटीच. मला माझी सोबत पुरती." त्याच्या आदल्या वर्षी माझे लग्न झाले होते. मुलगी झाली तेव्हा तिने नाव विचारले, बाकी काही नाही.

जून १९७९. काविळीने सात तारखेला ती गेली. आम्ही पोचलो तेव्हा दवाखान्यासमोर कडेवर पोरं घेतलेल्या बायका उभ्या होत्या. एकीने विचारले, "तुमी बाईंचं कोन?"

"दीर," मी म्हणालो. स्टँडवरचे उत्तर तिच्या पायाशी उभा राहून मनात दिले. व्हय, इचारलं असतं.

नऊ तारखेला पोस्टमन आला. पाच तारखेची, चौऱ्याऐंशीवी मनीऑर्डर. आईने अंगठा उठवला, साक्षीला मी सही केली. कूपनावर होते, "जरा ताप हाय. भावजींच्या पोरीला औंदा शाळंत घाला."

रुपये पन्नास. आईने ते मोजले नाहीत. माझ्या मुलीला हाक मारली आणि तिच्या मुठीत दिले.